खोक्यावरचे आकडे आणि पळसदरीचा पाऊस

नवा स्मार्टफोन घ्यायला आपण कर्जतच्या बाजारात जातो, तेव्हा काउंटरवरच्या पाटीवर आकड्यांची रांगच लागलेली असते. 50 मेगापिक्सेल, 8+8 जीबी, 120 हर्ट्झ, 80 वॅट, 5जी, एआय. दुकानातला मुलगा ते एका दमात म्हणून दाखवतो आणि त्यातला बहुधा एकही आकडा खोटा नसतो. पण पळसदरीत राहणाऱ्या माणसाला त्यातलं नेमकं काय उपयोगी पडेल, हे त्या पाटीवर लिहिलेलं नसतं. ते आपणच ठरवायचं असतं, आणि थोडी माहिती असली तर ते अवघड नाही.

फोन निवडताना काम आधी पाहायचं की फोन आधी पाहायचा, याचा धडा महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले स्मार्टफोन परत केले. फोन 2 जीबी रॅमचे होते. लाभार्थ्यांची माहिती भरायचं अॅप त्यांना पेलत नव्हतं, ते तापत होते, अडकत होते, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर येत होता. माहितीही इंग्रजीत भरावी लागत होती. कागदावर पाहिलं तर तो स्मार्टफोनच होता, पण ज्या कामासाठी दिला होता त्या कामाला तो पुरा पडत नव्हता.

म्हणून पहिली पायरी दुकानात जाण्याआधीची, घरी बसून करायची. आपला फोन दिवसभरात काय काय करतो, ते कागदावर लिहून काढा. खोपोली-कर्जत गाडीच्या वेळा बघणं, पास काढणं, यूपीआयने पैसे देणं, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ, भाताची ई-पीक पाहणी, गावच्या ग्रुपवरचे फोटो, रात्री आईशी बोलणं. ज्यांच्याकडे शेतघर किंवा पाहुण्यांचं राहण्याचं ठिकाण आहे, त्यांना बुकिंग आणि फोटोही आले. ही यादी हातात असली की पाटीवरचा प्रत्येक आकडा तिच्यासमोर धरून बघता येतो.

आता रेंजकडे वळू, कारण आपल्याकडे फोनची खरी परीक्षा तिथेच होते. पळसदरीपासून गाडी बोरघाट चढायला लागते. अशा डोंगराळ मुलखात लहरी सरळ पोहोचत नाहीत. टॉवर आणि आपलं घर यांच्यामध्ये एखादी सोंड आली की पलीकडच्या आळीत भरपूर रेंज आणि आपल्या ओटीवर काहीच नाही, असं होतं. हे कुठल्याही महागड्या फोनने पूर्ण बदलत नाही. तेव्हा आधी शेजारपाजारी विचारा, कोणत्या कंपनीचं सिम आपल्या घरात चालतं. त्यानंतरच फोनचा विचार.

5जी भारतात 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालं. ते ज्या लहरींवर चालतं त्यांच्या पट्ट्यांना ‘बँड’ म्हणतात. एन78 नावाचा पट्टा सुमारे 3300 मेगाहर्ट्झच्या पुढे आहे. त्याचा वेग दांडगा, पण पल्ला कमी, आणि भिंती व झाडी त्याला अडवतात. एन28 हा पट्टा 700 मेगाहर्ट्झच्या आसपासचा. त्याचा वेग कमी, पण तो दूरवर जातो आणि घरातही शिरतो. हा 700 चा पट्टा 5जीसाठी जिओकडे आहे. म्हणजे आपलं सिम जिओचं असेल, तर फोनच्या माहितीत एन28 आहे ना, हे पाहून घ्यायला हवं. नुसतं ‘5जी’ एवढं लिहिलेलं वाचून समाधान मानू नका.

माझं स्पष्ट मत असं, की आपल्या भागात वेगवान 5जीपेक्षा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम जास्त कामाची. एकाची रेंज गेली की दुसरं धावून येतं. इथे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. काही फोनमध्ये सिमचा ट्रे ‘हायब्रिड’ असतो, म्हणजे दुसऱ्या खाचेत एकतर दुसरं सिम बसतं किंवा मेमरी कार्ड. दोन्ही एकदम बसत नाहीत. नवा फोन घरी आणून त्यात जुन्या फोनमधलं फोटोंनी भरलेलं कार्ड घालायला गेल्यावर हे कळतं. दुकानातच ट्रे बाहेर काढून दाखवायला सांगा.

घरी फायबरचं इंटरनेट असेल तर ‘वायफाय कॉलिंग’ ही सोय फोनमध्ये आणि आपल्या सिमवर आहे का ते विचारा. टॉवरची रेंज नसली तरी घरच्या वायफायवरून साधा कॉल लागतो, समोरच्याला आपला नेहमीचाच नंबर दिसतो. ही सोय बहुतेक फोनमध्ये असते, पण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि अनेकांनी ती कधीच केलेली नसते.

यानंतर पाणी. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे ‘आयपी’ हे मानांकन आपल्यासाठी शोभेचं नाही. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी64 म्हणजे चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे फोन सोसतो. आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपी68 म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. फलाटावरून पूल ओलांडून घरी येणाऱ्याला आयपी64 पुरतो. पावसात भाताच्या खाचरात उतरणाऱ्याने जमल्यास 67 किंवा 68 बघावा.

पण या मानांकनाची चाचणी प्रयोगशाळेतल्या साध्या, स्थिर पाण्यात होते. फोन एकदा आपटला किंवा वर्ष-दोन वर्षं जुना झाला की कडांचं सील सैल पडतं. आणि मोठी मेख अशी, की आयपी68 छापलेल्या फोनमध्येसुद्धा पाणी शिरलं तर ते सहसा वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून मानांकन असलं तरी पावसाळ्यात खिशात चेनची प्लास्टिक पिशवी ठेवा. फोन भिजलाच तर बंद करा, तोंड खाली करून झटका, हवेशीर जागी ठेवा आणि चार्जिंगची वायर अजिबात लावू नका. तांदळात पुरून ठेवण्याचा घरगुती उपाय टाळा. तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये जातात, म्हणून अॅपलनेही आपल्या ग्राहकांना तसं न करण्याचा सल्ला दिला आहे.

पाण्याचा दुसरा त्रास पडद्यावर होतो. जुलैतल्या एखाद्या सकाळी फलाटावर उभं राहून पास दाखवायला फोन काढावा, आणि बोट ठेवलं तिसरीकडे, उघडलं भलतंच, असा अनुभव बहुतेकांना आहे. पडदा बोटातून होणारा सूक्ष्म विद्युत बदल ओळखतो, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. काही नव्या फोनमध्ये ओल्या पडद्यावरही बोट ओळखण्याची सोय आली आहे. दुकानात बोट ओलं करून दोन थेंब पडद्यावर सोडून बघा, दुकानदाराची परवानगी घेऊन. बोटाचा ठसाही ओल्या हाताने नीट लागत नाही. पडद्याखालचा ‘अल्ट्रासॉनिक’, म्हणजे ध्वनिलहरींनी ठसा वाचणारा सेन्सर ओल्या बोटाला त्यातल्या त्यात बरा. तो सहसा महाग फोनमध्येच मिळतो, तेव्हा पिन नंबर पाठ असू द्या.

पडद्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एलसीडीमध्ये मागून दिवा असतो. अॅमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा भाग खरोखर काळा दिसतो. तोटा असा, की अॅमोलेड फुटला तर बदलायला जास्त पैसे पडतात. तेजस्वितेचं एकक ‘निट्स’. जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा पडद्याच्या लहानशा भागावर क्षणभर मिळणारा असतो. तो आकडा सोडून द्या, फोन दुकानाच्या दाराबाहेर उन्हात धरा आणि मेसेज वाचता येतो का बघा. 120 हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला 120 वेळा ताजा होतो. सरकवताना डोळ्यांना गुळगुळीत वाटतं, बॅटरी थोडी जास्त खातं. 90 असला तरी काही बिघडत नाही.

आता रॅम आणि स्टोरेज. ही जोडी समजली की निम्मी फसवणूक टळते. भात झोडायचं खळं आणि भात साठवायची कणगी यांत जो फरक, तोच इथे आहे. रॅम हे खळं, त्यावर या घडीला चालू असलेलं काम होतं. स्टोरेज ही कणगी, तिथे फोटो, व्हिडिओ, अॅप कायमचे राहतात. कणगी कितीही मोठी असो, खळं लहान असेल तर काम तुंबतंच. अंगणवाडीच्या फोनांचं तेच झालं.

पाटीवर ‘8+8 जीबी रॅम’ लिहिलेलं दिसलं तर थांबा. पहिले 8 खरी रॅम. दुसरे 8 म्हणजे स्टोरेजमधला एक तुकडा रॅमसारखा वापरायला दिलेला. तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असतो. म्हणून हा फोन 8 चाच समजायचा, आणि ‘4+4’ हा 4 चाच. बँकेची अॅप, व्हॉट्सअॅप, नकाशा, सरकारी अॅप असा रोजचा वापर असेल तर खरी रॅम 6 जीबीच्या खाली घेऊ नये, 8 असेल तर तीन-चार वर्षं निर्धास्त.

स्टोरेज 128 जीबी लिहिलं असलं तरी तेवढं हाती येत नाही. फोनची स्वतःची यंत्रणा आणि आधीपासून भरलेली अॅप त्यातली बरीच जागा खातात. स्टोरेजची जातही विचारा. ‘ईएमएमसी’ जुनी आणि मंद, ‘यूएफएस’ नवी आणि वेगवान. स्वस्त फोन वर्षभरात रडायला लागतो त्यामागे पुष्कळदा ही मंद जात असते, आणि ती पाटीवर सहसा लिहिलेली नसते. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो भरभरून येणाऱ्या घरात 256 जीबीसाठी थोडे पैसे जास्त मोजणं शहाणपणाचं.

बॅटरीचा आकडा ‘एमएएच’मध्ये असतो. तो जितका मोठा तितका विजेचा साठा मोठा. आजकाल 5000 सर्वसाधारण आहे, 6000 आणि 7000 चेही फोन आले आहेत. आपल्याकडे वादळी पावसात वीज गेली की कधी परत येईल सांगता येत नाही, त्यामुळे मोठी बॅटरी हा आपल्यासाठी खरा फायदा आहे. फोन थोडा जड होईल, होऊ दे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. रेंज कमी असेल तिथे फोन टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त जोर लावून लहरी सोडतो, सतत टॉवर शोधत राहतो, आणि बॅटरी झपाट्याने उतरते. फोन खराब निघाला म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात, दोष मात्र दरीतल्या रेंजचा असतो. घरात 5जी येत-जात असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार 4जीवर ठेवून दोन दिवस बघा. मुंबईला जाताना परत 5जी चालू करा. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटरचा प्रवास, त्यात फरक जाणवेल.

80 वॅटच्या चार्जिंगबद्दल दोन खुणा लक्षात ठेवा. हा वेग सुरुवातीच्या थोड्या वेळापुरता मिळतो, बॅटरी भरत आली की तो आपोआप कमी होतो. आणि तो बहुतेकदा त्याच कंपनीच्या चार्जरने आणि वायरनेच मिळतो. दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावला तर तोच फोन हळू भरतो. खोक्यात चार्जर आहे की नाही हे आधी विचारा, कारण काही कंपन्या तो देत नाहीत. बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. उशीखाली ठेवून चार्ज करणं, चार्जिंगला लावून खेळ खेळणं, दोन्ही बंद करा. 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर रोज वापरा.

कॅमेऱ्यात मेगापिक्सेलचा आकडा सर्वांत जास्त मिरवला जातो आणि सर्वांत कमी सांगतो. 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, जेणेकरून कमी उजेडात चित्र स्वच्छ यावं. मागे तीन भिंगं दिसली तरी त्यातली 2 मेगापिक्सेलची ‘मॅक्रो’ आणि ‘डेप्थ’ ही बहुधा मोजणी वाढवायला असतात. ‘ओआयएस’ म्हणजे हात हलला तरी भिंग स्वतः सावरून घेतं. ही सोय असेल तर तिचे पैसे सार्थ होतात.

दुकानात कॅमेरा कसा तपासावा? सोबत सातबाऱ्याचा उतारा किंवा कुठलंही बारीक अक्षरांचं बिल न्या. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचा फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून गट नंबर वाचा. मग रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा फोटो काढा. अक्षरं वाचता आली आणि माणूस पुसट झाला नाही, तर आपल्या कामाला तो कॅमेरा पुरेसा आहे.

शेतकऱ्याने यापुढचा भाग सावकाश वाचावा. ई-पीक पाहणी राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. आपल्या गटात उभं राहून, जीपीएस चालू ठेवून, पिकाचा फोटो अॅपवर चढवायचा असतो. इथे कॅमेऱ्याइतकंच महत्त्व आहे फोनला स्वतःची जागा किती अचूक कळते याला. उपग्रहाकडून जागा कळायला इंटरनेट लागत नाही, पण नेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. डोंगराच्या कडेला किंवा दाट झाडीखाली उपग्रहाच्या लहरी आपटून येतात आणि फोन आपल्याला शेजारच्या बांधावर दाखवतो. ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’, म्हणजे एल1 आणि एल5 अशा दोन पट्ट्यांवर ऐकणारा फोन ही चूक बरीच कमी करतो. भारताचं स्वतःचं ‘नाविक’ हे उपग्रहांचं जाळंही काही फोनमध्ये चालतं. फोटो काढण्याआधी उघड्यावर मिनिटभर थांबा, मग बटण दाबा. डोंगरात भटकायला जाणाऱ्यांनी यासोबत होकायंत्राचा सेन्सर आहे का तेही बघावं, काही स्वस्त फोनमध्ये तो गाळलेला असतो.

एक सोय पाटीवर कधीच नसते, पण आपल्या भागात तिचं मोल आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या प्रत्येकाने फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’, म्हणजे सरकारकडून थेट पडद्यावर येणारी आपत्तीची सूचना, चालू आहे ना हे पाहावं. 2023 मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा मोठा आवाज आला म्हणून अनेकांनी ती बंद करून टाकली असेल, तर पुन्हा चालू करा. त्याच वर्षी केंद्र सरकारने फोन कंपन्यांना एफएम रेडिओ बंद न ठेवण्याची सूचना केली, तीही आपत्तीच्या वेळी नेट नसताना बातमी कळावी म्हणून. फोनमधल्या एफएमला वायरचा इअरफोन लागतो, कारण वायर हाच त्याचा अँटेना. इअरफोनची गोल खाच असलेला फोन याच कारणाने मला अजून पसंत आहे.

एआयचं काय? फोटोतून नको असलेला माणूस पुसणं, कॉलचा सारांश काढणं, भाषांतर करणं अशा या सोयी. यातल्या अनेकांना इंटरनेट लागतं, काही ठरावीक काळापुरत्याच फुकट असतात. दुकानात एकच करून बघा: मराठीत बोलून मेसेज लिहून घ्या. ते नीट जमलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचा खरोखर उपयोग होईल. बाकीच्यासाठी जादा पैसे देऊ नका.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं, ती: अपडेट. यंत्रणेत सापडलेली भोकं कंपनी वेळोवेळी बुजवते, त्यालाच सुरक्षा अपडेट म्हणतात. ती थांबली की फोन चालतो खरा, पण त्याच फोनवर आपला यूपीआय आणि बँक असते. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने 2024 च्या गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांचं वचन दिलं. कमी किमतीच्या अनेक फोनना याहून पुष्कळ कमी वर्षं मिळतात. शिवाय ही वर्षं बहुधा फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात. दोन वर्षांपूर्वीचा फोन सवलतीत मिळतोय म्हणून घेतला, तर त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात. दोन फोन जवळपास सारखे वाटले तर ज्याला अपडेट जास्त वर्षं, तो घ्या.

किमतीकडे येऊ. फोनवरचा 18 टक्के जीएसटी छापील किमतीत धरलेलाच असतो, वरून कुणी मागितला तर देऊ नका. ‘बिनव्याजी हप्ता’ ऐकलं की रोख किंमत काय ते विचारा. व्याज पुष्कळदा गमावलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेलं असतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे हेही आत्ताच विचारा. दुरुस्तीसाठी पनवेल किंवा कल्याण गाठावं लागणार असेल तर ते भाडं आणि बुडालेला दिवस किमतीत धरा.

पैसे देण्याआधी शेवटचं काम. फोनवर *#06# दाबा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनची ओळख, पडद्यावर येईल. तो खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. जुना फोन घेत असाल तर KYM लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक 14422 वर मेसेज करा. फोन चोरीचा म्हणून नोंदलेला असेल किंवा क्रमांक बनावट असेल तर उत्तरात कळतं. हाच आयएमईआय बिलावर छापून घ्या, त्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका.

घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोन्ही सिमवरून कॉल, वायफाय कॉलिंग, जीपीएस, स्पीकर, चार्जिंग आणि फोन तापतो का हे सगळं आपल्या यादीप्रमाणे तपासा. ऑनलाइन खरेदीत सात दिवसांत ‘बदली’ लिहिलेलं असतं ते सहसा बिघाड असेल तरच, आवडला नाही म्हणून नाही. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येतं.